चार तक्रारी झाल्यावर

नाशिक, ३१ मे २००२

मार्चपासून वही उघडली नाही, तिची क्षमा मागतो. आज आमच्या कार्यालयातले हातपंप मिस्त्री कारभारी गांगुर्डे निवृत्त झाले. निरोपाला बोललो ते आठवेल तसं उतरवतो.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती कारभारीतात्या, वहिनी आणि सहकारी बंधुभगिनींनो,

तात्यांनी सव्वीस वर्षं पंप दुरुस्त केले, हे सगळेच सांगतील. त्यांची जागा भरायची नाही, दुरुस्ती ठेक्यानं द्यायची, हा प्रस्ताव माझा होता, तेवढं मला सांगू द्या. निफाडकडे तो चालला. तिथे एक मिस्त्री आला नाही तर लोक दुसऱ्याला बोलावतात, म्हणून पहिला वेळेवर येतो. पण पेठच्या डोंगरात दुसरा कोण? एका पंपासाठी घाट चढणं परवडत नाही, असं ठेकेदार म्हणाला. मग मी अट लिहिली : एका रस्त्यावर चार तक्रारी झाल्या की फेरी. किती सुबक वाटली होती मला ती.

महिन्यापूर्वी तात्यांबरोबर तिथल्या एका पाड्यावर गेलो. चारही पंप बंद. पाड्यावरच्या नवसाबाई म्हणाल्या, 'एकच बिघडला व्हता, साहेब. चार झाल्याबिगर कोनी येत नाय म्हने. मंग बाकी तिन्हींचे दांडे आम्ही बायांनीच तोडले.'

'मिस्त्री आला का?'

'आला ना. पाहून गेला. तोडलेलं करारात बसत नाय म्हने.'

ते कलमही माझंच.

तात्या मला म्हणाले, 'साहेब, तुमचा नियम तुमच्यापेक्षा या बायांनी मनावर घेतला.' त्यांनी पेटी उघडली, पण नवे दांडे आता ठेकेदाराकडेच असतात. पेटी तशीच बंद केली. बाया दरीतल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडा भरत होत्या. अजूनही भरत असतील. अट बदलावी म्हणून मी पत्र दिलं. कराराची तीन वर्षं संपल्यावर विचार करू, असं उत्तर आलं.

तात्या, तुमच्याविषयी बोलायला उभा राहिलो आणि माझंच सांगत बसलो. पण एकेका पंपासाठी घाट चढून तुम्ही काय करत होतात, हे मला तुम्ही जायला निघाल्यावर कळलं, त्याला काय करू? आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. पाड्यावर झालं त्याची क्षमा या सभागृहात मागता येत नाही."

टाळ्या पडल्या.

उद्या : तात्यांची पान्यांची पेटी भांडारात जमा करून घेणे.