तारा एक सूर खाली राहिल्या

मी मूळचा चाकणच्या पलीकडच्या गावचा, घर सुताराचं, म्हणून हातात पाटीच्या आधी रंधा आला. शाळा दुसरीपर्यंत, मराठी अक्षर लावून लावून वाचतो, इंग्रजी तर न्हाईच. पिंपरीला कंपनीत लाकडी साचे करायच्या खात्यात लागलो, तिथं परेरा साहेब म्हणून सुपरवायझर व्हते, गोव्याचे. कंपनीचा वर्षाचा कार्यक्रम असायचा, त्यात कामगारांचा ऑर्केस्ट्रा, आन् त्यात साहेब डबल बास वाजवायचे. काय सांगू तुम्हाला ताई, माणसापेक्षा उंच व्हायोलिन, उभं राहून वाजवायचं, आवाज असा की पायाखालची फरशी बोलती. एकदा त्याची घोडी मोडली, म्हणजे तारा टेकतात ना ते लाकूड, साहेब म्हणाले नामदेव, करतोस का. मी केली. मग म्हणालो, आता वाजवायला बी शिकवा.

शिकवलं त्यांनी. सगळं कानानं. चाळीस वर्षं वाजवलं मी, लग्नात, चर्चमध्ये, नाटकात, पण साथीलाच. साहेबांकडं सूर लिहिलेल्या कागदांचा एक गठ्ठा व्हता, इटलीतल्या कुणाचा तरी कॉन्सर्टो, बास पुढं आन् पियानो साथीला, ते वाजवायचे तवा मी काम सोडून उभा राहायचो. एकदा म्हणालो, मला हे शिकवा. तर म्हणाले, नामदेव, तू साथीचा माणूस, साथ चांगली कर. ते मला लागलं. अजून लागलेलं हाय. गोव्याला परत जाताना त्यांनी बास दिला, गठ्ठा दिला, पण ते वाक्य काय परत घेतलं न्हाई.

बास कासारवाडीच्या खोलीत आणला तवा आमची मंडळी म्हणाली, ही म्हैस बांधायची कुठं. ती गेली, म्हैस राहिली.

मग खालच्या खोलीत व्यंकट आला, लातूरकडचा, चाकणला कंपनीत पत्र्याच्या प्रेसवर काम करतो. त्याची पोरगी रेणुका. जिन्यात बसून ऐकायची, एक दिवस आत आली, म्हणाली आजोबा, मी धरून बघू का. सहा वर्षं शिकवलं तिला. कागद वाचायचं ती स्वतःच मोबाईलवर शिकली, मी सुराचं बघायचो. हात असा की मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

तिला बाहेरगावच्या संगीत कॉलेजात जायचं व्हतं, फी माफ, राहणं माफ, पण एक सोलो वाजवून दाखवायचा. कोणता, ते आपण निवडायचं. तिनं निवडला व्हता एक संथ तुकडा, एकट्यानं वाजवायचा, साथ लागत न्हाई. वाजवला तवा माझ्या अंगावर काटा आला, आन् मी काय म्हणालो, हे असलं रडगाणं घेऊन जाणार व्हय तिथं? कॉन्सर्टो घे. ती म्हणाली, आजोबा, आपल्याकडं पियानो न्हाई, साथीशिवाय बसणार कसा. मी म्हणालो, पियानो मी तोंडानं म्हणतो. आन् चार महिने म्हणत राहिलो ताई, आमच्याच तारांच्या पट्टीला धरून, मला साहेबांच्या साथीचा पियानो पाठ व्हता.

एक दिवस म्हणाली, आजोबा, कागदावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, सोलोला चारी तारा एक सूर वर चढवायच्या, त्याला बारीक तारा वेगळ्या येतात, पियानोचा कागद त्याच हिशेबानं छापलाय. मी भडकलो. म्हणालो, चाळीस वर्षं ह्याच पट्टीत वाजवतोय, कागद मला शिकवणार का? साहेबांच्या तारा सैल व्हत्या, म्हणून त्यांनी स्वतःसाठी लिहिलं असंल. तिनं माझ्याच पट्टीत गज लावला. मोठ्यांना उलटं बोलणारी पोर न्हाई ती, बोलली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजात परीक्षेला मी संग गेलो व्हतो. दारात उभा. तिथल्या पियानोवाल्या बाईनं आमचा कागद बघून सुरुवात केली, रेणुकानं गज लावला, आन् दोघींची वाट एका सुराच्या अंतरानं वेगळी. लोकांना वाटलं पोर बेसूर. मला कळलं. त्याच क्षणी कळलं, कागद खरा व्हता. परीक्षक भला माणूस, म्हणाला, तारा चढव, पाच मिनिटं घे. त्या चढवायला मी पुढं गेलो, जाड तारा, माझाच हात खुंटीवर, सगळ्यात बारीक तार फाडकन तुटली. तिच्या गालाला लागली. दुसरी तार आणली नव्हती. म्हणाले, पुढच्याला पाठवा.

घरी आल्यावर व्यंकटनं विचारलं, काय झालं गं. ती म्हणाली, बाबा, मी घाबरले, मधेच विसरले. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. आन् मी, एवढा बोलणारा, बास उचलून जिना चढलो.

आता ती चाकणलाच कंपनीत जाते, फर्स्ट शिफ्ट, बस कोपऱ्यावरून जाते. मी सोलोच्या बारीक तारा मागवल्या, चढवल्या, एक सूर वर, जसं लिहिलंय तसं. माझी बोटं आता वळत न्हाईत. रविवारी ती येते, भाजी देते, बासवरची धूळ पुसते. तारांना हात लावत न्हाई. एकदा मी म्हणालो, तो तुझा संथ तुकडा वाजव की. म्हणाली, विसरले आजोबा. ते मात्र तिनं खरं सांगितलं का खोटं, मला अजून कळलेलं न्हाई.

व्यंकट भेटला की हात जोडतो, नाना, तुमी लई केलं माझ्या पोरीसाठी. तिच्यासमोर म्हणतो. ती खाली बघते. खरं सांगायचं किती वेळा ठरवलं, आन् दरवेळी मी बी नुसते हातच जोडतो.

पोरीला देव सुखात ठेवो, माझं काय राहिलंय. तुमी हे असंच लिहा ताई, नाव घालून, काही गाळू नका. छापून आलं की मी कागद खाली नेऊन देतो. व्यंकटला वाचता येतं.