बार्जचे टायर

आणि बार्जला टायर असतात का हो? तुम्हीच सांगा! नदीतून खनिज नेणारी बोट ती... पण माझ्या प्रोग्रॅममध्ये होते, अकरा बार्जांना सहा-सहा, आणि त्यापायी माझी गणपतीची चवथ गेली!

तुम्हाला सांगतो, साल नव्याण्णव. गोव्यात, पाळी गावच्या खाणीच्या हापिसात जावा शिकलेला मी एकटा, तोही म्हापशाच्या क्लासात, म्हणजे कॉम्प्युटरला सर्दी झाली तरी मलाच हाक. मी एक इंटरफेस केला, 'वाहतूक'. इंटरफेस म्हणजे काय? नुसती कामांची यादी हो! भर, ने, रिकामं कर. कसं, ते एका अक्षराने सांगणार नाही. ट्रकने खाली सही केली, बार्जने सही केली, की सगळी कामं अंगावर. एक जरी राहिलं तर प्रोग्रॅम चालूच होत नाही. कसं ते तू बघ! त्यापेक्षा ॲबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे अर्धा भरलेला साचा, बरा, सगळ्यांचं सारखं काम, नंबर नि वजन, स्वतः लिहून देतो, उरलेलं तेवढं आपल्या गळ्यात. इंटरफेसला तेवढीही माया नाही.

चवथीचा आदला दिवस. मला घरी चोपड्याला पोचायचं, कारण आमच्यात मूर्ती घरच्या कर्त्या पुरुषानेच आणायची. आजोबांनी आणली, बाबांनी आणली... गेल्या वर्षी बाबा गेले, सुतकात चवथ झाली नाही, म्हणजे माझं हे पहिलंच वर्ष. बॅग खांद्याला लावली, तर मॅनेजर सगुणबाब समोर. पाऊस सरला की ट्रक सुटणार, म्हणून कुठल्या गाडीला किती टायर ती यादी आजच हवी. कसं ते तू बघ!

घाईत 'टायर बदल' असं एक काम 'वाहतूक'मध्ये घातलं... आणि अकराही बार्ज संपावर! सही केलीय ना, मग टायर बदलून दाखवा! शहाणा माणूस टायरवाल्यांचा इंटरफेस वेगळा करतो. मी? ट्रकमधलं उचललं नि बार्जमध्ये चिकटवलं, अकरा वेळा, कारण हौसेने प्रत्येक बार्जचा वेगळा क्लास केलेला! कॉम्प्युटर खूश, मी खूश, यादी छापली. सगुणबाबांनी चष्मा पुसला, आवाज न चढवता विचारतात, "बाबाजी, ही बार्ज नदीतून जाते, की डिचोलीच्या रस्त्याने?"

बसलो परत. म्हापशाची बस गेली, म्हणजे शिवोलीहून चोपड्याला नेणारी शेवटची फेरीबोटही गेली. घरी फोन लावला, बायकोला म्हटलं, विनोदिनी, मूर्तिकाराला थांबव गो, माझ्याशिवाय कोण आणणार?

"मूर्ती मघाशीच आली. मी आणली."

तू? अगो, कशी?

"कशी ते मी बघितलं. तुम्ही जेवून घ्या."

घ्या! म्हणजे घराला मी नको होतो हो, मूर्ती आणणारं कोणीतरी हवं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू... फोन ठेवला नि लिहायला बसलो. पहिली बार्ज, टायर शून्य. दुसरी बार्ज, टायर शून्य...