मृत्यूचं ठिकाण

बैरूतमध्ये मोहल्ल्याचे दाखले देणाऱ्या मुख्तारांच्या कचेरीत नंबराची वाट बघत म्हातारी वदाद आणि तिची भाची बाकावर बसल्या होत्या. शेजारी साठीतला गसान उभा होता. त्याचा नंबर त्यांच्या आधीचा.

"मावशी, रमझीच्या मृत्यूचा अर्ज आज भरूनच टाक. युद्ध संपूनसुद्धा तीस वर्षं झाली," भाची म्हणाली.

"मला फक्त कुटुंबाचा दाखला हवाय. त्यात माझा लेक रमझी अजून अविवाहित आहे."

"आज साठीचा झाला असता तो!"

"मग नवरी जरा वयस्कर बघू."

"थट्टा पुरे. एक सही तर करायचीय."

"आणि 'मृत्यूचं ठिकाण' या रकान्यात काय लिहू? युद्धात ज्यांनी त्याला तपासणी नाक्यावर गाडीतून उतरवून नेलं, त्यांना ते ठाऊक आहे. त्यांनी रकाना भरावा, मी लगेच सही करते."

"ते कशाला येताहेत भरायला!"

"मी येतेय ना दरवर्षी?"

गसानने घसा खाकरला.

"मावशी, कुठला नाका?"

"बंदराच्या रस्त्यावरचा. का रे? तू होतास तिथे?"

"पुढचे कोण?" आतून हाक आली.

गसान जागचा हलला नाही. वदादने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस इथे. मला घाई नाही."