हातातला गेम काढावा का न्हाई?

न्हाई. लिवा तितं, काढू नगा म्हनावं. आवं, पेन काय थांबवलासा — तुमीच इचारलं न्हवं, टीव्हीला जोडायचा गेम तर आमची कंपनी करतीयाच, आता खिशात मावंल असा हातातला गेम काढावा का न्हाई, पार्लरवाल्या म्हनून तुमचं मत काय. माझं मत न्हाई. झालं. त्याच्यासाठी शिरवळहून कोरेगावला दोनदा हेलपाटा कशाला, पोस्टकार्ड टाकलं असतंसा तरी भागलं असतं. चौथी शिकलीया मी, न्हाई एवढं लिवता येतंय. बसा. स्टुलावर नगो, ते डुगडुगतंय, बाकड्यावर बसा. मालकाचं नाव? ते मी घेत न्हाई. बाहीर बोर्डावर हाय, जय जवान व्हिडिओ गेम, त्याच्याखाली माजी हवालदार, आन् म्होरं जे काय हाय ते जाऊन वाचून या. वाचलासा? नानासोच न्हवं? मग तेच. बघा, घ्यायला लावलासाच.

आता का न्हाई ते ऐका. टीव्हीचा गेम म्हंजे जत्रंतली कुस्ती — खेळत्यात दोघं, बघत्यात चाळीस, आन् शिव्या सगळ्यास्नी येत्यात. माझं दुकान भरतंय ते बघनाऱ्यांनी. आन् तुमच्या हातातल्या गेमात काय हाय? एकटा मानूस खाली मान घालून दोन अंगठं हलवतोय, लांबनं बघनाऱ्याला वाटतंय उवा मारतोय. जिंकला तर सांगायचं कुनाला? आं? लाईट गेल्यावर? व्हय, लाईट गेल्यावर माझं दुकान बंद आन् तुमचं डबडं चालू, ते खरं हाय, पर ते लिवू नगा.

आन् घेनार कोन? मला सांगा, ह्या मुलखात असला गेम घेनार कोन? तुमी गेल्या मंगळवारी नमुना ठेवून गेलासा, आठ दिस वापरून बघा म्हनालासा. तुमची पाठ वळली तसा धुळा आला — मेंढरं घेऊन हिंडतोय तो धनगर, प्यायला पानी मागाय आला होता. हे काय म्हनला, मी म्हनलं बघ, वरनं विटा पडत्यात त्या खाली नीट बसवायच्या. त्यो तांब्या हातात घेऊन तितंच दोन तास उभा. पानी पिलाच न्हाई. मेंढरं मागल्या हरभऱ्यात घुसली, हरभऱ्याचा मालक काठी घेऊन आला, तरी हा म्हनतोय थांबा की वाईच, शेवटची वीट बसवतोय. वर मला म्हनतोय, वैनी, एक कोकरू घ्या पर हे द्या. म्हंजे गिऱ्हाईक कोन? धुळा. एका धनगरावर कंपनी चालती व्हय? दुसरा आमचा कृष्णात कंडक्टर, सातारच्या गाडीवरचा. जरा बघू म्हनून त्याच दिशी सांजच्या फेरीला नेला गाडीत. एका थांब्यावर घंटीच द्यायची इसरला, उतरनारी मानसं म्होरल्या फाट्यावरनं बोचकी घेऊन मागं चालत आली, त्याच्या आईबापाचा उद्धार करत. आनून दिला तवा म्हनला, मुक्कामाच्या गाडीला असला एक पायजेच. आन् साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बघितलासा का कवा — उसाच्या गाड्या दिवसदिवस वळीनं उभ्या, गाडीवान बैलाकडं बघतोय आन् बैल गाडीवानाकडं, दुसरं काम न्हाई. त्येंच्या हातात हे पडलं तर झालंच. फौजेतल्या पोरांचं तर इचारूच नगा, हितं घरटी एक जवान हाय, बर्फात बसून करत्यात काय बिचारी —

थांबा. तुमी भराभरा काय लिवताय? मेंढपाळ, कंडक्टर, गाडीवान, जवान? खोडा ते. आवं सगळ्यास्नी पायजे म्हनून काढायचा व्हय? दारू बी सगळ्यास्नी पायजे.

काय? घरच्यांचं मत? घरात कोन हाय — लेक पलूसला दिलीया, ऱ्हायलो आमी दोघं. हवालदारांनी नुसता हातात घेतला नमुना. नुसता. मंगळवारी राती हातात घेतला आन् ह्या मंगळवारपतोर खाली ठेवला न्हाई, एवढंच. पायरीवर बसत्यात, खाली मान, विटा बसवत्यात. आवडला न्हाई त्यास्नी, तसं लिवा.

आता तुमी पाव्हनं मानूस, तुमास्नी सांगून उपेग काय, पर इचारलासा म्हनून सांगते. चोवीस वर्सं फौजेत होतं हे. वर्साला दोन महिनं सुट्टी, त्यात निम्मी पाव्हन्यारावळ्यात जायची. कायमचं घरी आलं तवा मला कळलं का मी ह्या मानसाला वळखतच न्हाई. दोघं समोरासमोर बसायचो, एस्टी स्टँडावर बसल्यागत. ह्यांचं बोलनं म्हंजे, चहा. मी इचारलं साखर झाली का बरोबर, तर, व्हय. दिस संपला. मग हे दुकान टाकलं, सेट आनला. दुपारचं शाळा भरलेली, दुकान रिकामं, म्हनून एक दिस ह्यांनी तो रणगाड्याचा गेम लावला. तो एकट्याला झेपत न्हाई, दोघं लागत्यात — एक पिवळा रणगाडा, एक हिरवा, आन् खाली विटांच्या आड आपला झेंडा, तो राखायचा. पिवळा ह्यांचा. हिरवा माझ्या हातात दिला आन् म्हनले, नंबर दोन, डावीकडं बघ. आवं, चोवीस वर्सांत ह्या मानसानं मला डावीकडं बघ म्हनलं न्हवतं. मी बघितलं. खरंच तिकडनं येत होता एक, उडवला मी. तर म्हनले, शाब्बास. हे लिवू नगा.

तवापासनं रोज दोन ते चार. कव्हर दे, मागं हो, गोळी जपून वापर — ह्यात गोळी संपत न्हाई हे त्यास्नी हजारदा सांगितलं, तरी जपूनच वापरत्यात, सरकारी सवय. हुकूम आल्याबिगर म्होरं जात न्हाईत, आन् हुकूम देनारं बी हेच. एकदा माझा गोळा चुकून ह्यांच्याच रणगाड्याला लागला. त्यात आपल्याच मानसाचा गोळा बसला का वाईच गप उभं ऱ्हावं लागतंय. हे खरंच गप झालं. रिमोट खाली ठेवला, उठलं, कोर्ट मार्शल बसवलं — ह्याच बाकड्यावर, तुमी बसलाय तितं. म्हनले, आपल्याच गाडीवर गोळी का. मी म्हनलं, नेम चुकला. म्हनले, सकाळी कालवनात मीठ जास्त झालं म्हनून मी ताट सारलं, त्याचा राग हाय का. मी म्हनलं, व्हय, हाय. आन् मग मिठावरनं जे सुरू झालं ते मागं मागं गेलं — सासूबाई सा महिनं अंथरुनात होत्या आन् तुमची तार आली, सुट्टी न्हाई, एकटीनं काढलं मी सगळं, हितपतोर. चार वाजून गेलं, पोरं दार वाजवाय लागली, आमी दार उघडलं न्हाई.

आन् तुमी काय केलासा? त्या मानसाच्या हातात एकट्याचं डबडं दिलासा. बुधवारी दोन वाजता मी दोन्ही रिमोट काढून ठेवलं. हे पायरीवर. मी एकटीच खेळले, हिरवा घेऊन. दोन मिनिटांत झेंडा गेला. मी म्हनलं, आवं, झेंडा गेला. तर म्हनले, व्हय.

चौदा झेंडं गेल्यात आठ दिसात. म्हनून आज सकाळी मी सेल काढलं त्यातनं आन् पिठाच्या डब्यात टाकलं. मला काय ठावं न्हाई म्हनलं, कंपनीचा माल, संपलं असतील. तर नवं आनाय गेल्यात बाजारात. चप्पल घालून, टोपी घालून, पोस्टिंगला निघाल्यागत. म्हनून घाई करतीया, ते यायच्या आत हा नमुना पिशवीत घाला, कागदावर न्हाई लिवा, आन् तुमच्या साहेबाला सांगा, कोरेगावात चालत न्हाई, सांगली-साताऱ्यात कुटंच चालायचा न्हाई —

काय म्हनलासा?

दोन डबडी? मधी कसली तार? आन् ह्याचा रणगाडा त्याच्या पडद्यावर दिसतोय? दोघांचा एकच झेंडा? … खरं सांगा, मास्तरागत बोलू नगा. लाईट गेली तरी? … रानात नेली तरी? बांधावर बसून?

व्हय, व्हय, इचार करतीया, मानसानं इचार करू नये का.

ती तार लांब किती हाय? दोन मीटर? दोन मीटर कशाला, म्हैस बांधायची हाय का? हातभर करा. हातभरच. लिवा ते, ठळक लिवा, गिऱ्हाईकाचं म्हननं हाय म्हनावं, तार हातभर पायजे. आन् ते वरचं न्हाई खोडा. काढा म्हनावं गेम, लवकर काढा.

उठा आता. कोपऱ्यावर टोपी दिसायला लागली. सेल मिळालंत वाटतं, झपाझप येत्यात. आवं नमुना ऱ्हाऊ द्या हितंच, दुसरा घेऊन या, तारेसकट. जावा. मागल्या दारानं जावा, ह्यास्नी काय बोलू नगा — माझं मीच सांगते.