खात्याची वीत

आमच्या सासऱ्यांची गंमत सांगते. बाबा आयुष्यभर रत्नागिरीला मत्स्यव्यवसाय खात्यात होते. सिंगापूरला, पुंगोलमध्ये आमच्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी जेट्टीवर एका चिनी अंकलच्या गळाला लागलेला मासा त्यांनी सरळ वितीने मोजला. "टू स्मॉल! लीव्ह!"

अंकलना वाटलं, सरकारी माणूस. त्यांनी निमूट मासा सोडला. मी मेल्याहून मेल्यासारखी!

"अहो बाबा, तुम्ही रिटायर झालात! आणि हे सिंगापूर आहे!"

"मग? इथली पिल्लं मोठी व्हायला नकोत?"

त्याच्या पुढच्या दिवशी बाबांबरोबर फिरताना मी जेट्टी टाळत होते, तर अंकलनीच लांबून हाक मारली, "ऑफिसर!" आणि मासा पुढे धरला. बाबांनी वीत लावून मान डोलावली. अंकल खूश. लगेच शेजाऱ्याच्या बादलीकडे बोट दाखवून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "हिज ऑल्सो चेक, लाह!"