मोठी घंटी

अमरावतीच्या बस स्टँडवर मी वलगावच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि एक तरुण बाई बोलत होत्या. दोघींच्या चर्चमध्ये काही जण हातात एकेका सुराची घंटी घेऊन, मिळून गाणं वाजवतात. कोणी कोणती घंटी घ्यायची, हे ती तरुण बाई ठरवत होती.

"एस्तेरमावशी, तुमाले एक सांगाचं होतं. राग नोका मानू."

"सांग ना, दामिनी. काहून इतकी भिऊन राहिली?"

"नाताळाच्या गाण्यात मोठी घंटी मी मनोजले देल्ली."

"माही घंटी?"

"तुमची उशिरा वाजते, मावशी. सगळे म्हणे, तूच सांग. मले रात्रभर झोप नाही."

"मनगट लय दुखते पोरी. माह्यानं थे लवकर उचललीच जात नाही."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"भांडून घेतली होती न मी! कोणत्या तोंडानं वापस देऊ? बरं झालं बाई, तूच काढली."

"देवा रे! अन मी काल तुमच्या दारापासून तशीच वापस गेली."

"मंग आता मले काहाडूनच टाकलं का?"

"नाही वो! सगळ्यात लहान घंटी तुमची. शेवटच्या ओळीत एकदाच वाजवाची."

"तोवर मी काय करू?"

"उभं राहाचं. आयकाचं."

"हे बेस झालं. मात्रा मोजता मोजता आपलं गाणं मी आजवर पुरतं आयकलंच नाही."