आधी वाचायचं, मग सही

आप्पा, क्लबचे सगळे मेंबर, बाईंचे शेजारी, आणि मागं चटईवर बसलेल्या वर्गातल्या माझ्या बहिणींनो. पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत, पण तुम्ही उठणार नाही, ठाऊक आहे मला. ऐकू आलं नाही तर हात तेवढा वर करा.

दिलीप पोवारला बोलायला निमित्त लागत नाही, असं सगळे म्हणतात. ट्यूबलाइट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी पंखा गळ्यात मारतो. क्लबचा अध्यक्ष होतो तेव्हा माईक हातातून काढून घ्यावा लागायचा. पण आज माईक मीच दोनदा दुसऱ्याकडं सरकवला. तुम्हाला वाटेल, दुःखानं. दुःख आहेच. पण बाईंच्या फोटोसमोर खोटं कशाला बोलू? मला भीती वाटतेय.

मंगळवारी मगदूम बाई गेल्या. मेथी निवडता निवडता गेल्या. बाईंचे यजमान, आपले आप्पा, शेजारच्या खोलीत होते, त्यांना हाक मारायलाही सवड मिळाली नाही. आज रविवार. आणि उद्या सकाळी अकरा वाजता बाईंना एका ठिकाणी जायचं होतं. तिथं आता मला जायचं आहे. त्याची भीती.

नव्या लोकांसाठी थोडं सांगतो. आपला क्लब काही मोठा नव्हे. पूर आला की शिरोळकडं पाणी आणि चटया पोचवायच्या, कुणाला चष्मा, कुणाला चाकाची खुर्ची. आणि बायकांचा साक्षरता वर्ग. वर्ग म्हणजे मगदूम बाई. शाळेतून रिटायर झाल्या आणि दुसऱ्या आठवड्यात इथं फळा लावला. दुपारी तीनला सुरू, साडेपाचला बंद. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा बाईंचा नेम. त्यापुढं त्या कुणासाठी थांबायच्या नाहीत, माझ्यासाठीसुद्धा नाही.

मी अध्यक्ष होतो त्या वर्षी वरचे साहेब क्लबच्या भेटीला येणार होते. मी बाईंना गाठलं. म्हटलं, बाई, किती बायका साक्षर झाल्या? बाई म्हणाल्या, वर्षभरात वाचायला लागतील. वर्षभर! साहेब महिन्यावर आलेले. मी म्हटलं, बाई, आधी सही शिकवा. सही आठ दिवसांत येते. बाई म्हणाल्या, "दिलीप, सही आली म्हणजे वाचता आलं नव्हे रे." मी म्हटलं, सुरुवात तर होईल, फोटो तर निघेल. एवढ्या वर्षांत बाईंनी माझं एकदाच ऐकलं. ते हेच.

कार्यक्रमाचं नावही मीच ठेवलं. 'अंगठा सोडला'. एकेक बाई पुढं यायची, मोठ्या कागदावर सही करायची, शाईचं पॅड केराच्या बादलीत टाकायची. टाळ्या. गुलाबाचं फूल. साहेब खूश. तुमच्यातले पुष्कळजण त्या फोटोत आहेत, मी तर मधोमध आहे.

सगळ्यांत देखणी सही शेवंताबाईची होती. मार्केटात पालेभाजी विकते ती. महिन्याभरानं ती वर्गात पेढे घेऊन आली. मी तिथंच होतो. मला म्हणाली, "दादा, हापिसात सायबाच्या म्होरं सही केली! भाऊ म्हनत हुता अंगठा लाव. मी म्हनलं, न्हाय, मला सही येती." मी पेढा तोंडात टाकला. बाईंनी मात्र हातात धरून ठेवला. विचारलं, "सही कशावर केलीस?"

"वडलांच्या माघारी समद्यांची नावं लावायचा कागद हाय, भाऊ म्हनला."

पिशवीतून तिनं झेरॉक्स काढली. बाई वाचायला लागल्या आणि वाचता वाचता खाली बसल्या. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावांना सोडला, कागद वाचून, समजून सोडला, असं त्यात लिहिलेलं. खाली शेवंताबाईची सही. तीच, देखणी.

बाईंनी तिला सगळा कागद वाचून दाखवला. एक ओळ गाळली नाही. मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार. शेवंताबाई रडली नाही. म्हणाली, "बाई, अंगठा असता तर त्यांनी मला वाचून दावलं असतं की वो."

मंडळी, खरं होतं ते. अंगठेवाल्या माणसाला कागद वाचून दाखवतात, वाचून दाखवला असं खाली लिहितातही. झोकात सही करणाऱ्या बाईला कोण वाचून दाखवतंय? शिकलेली दिसते, वाचलंच असेल. माझ्या दुकानाच्या भाषेत सांगायचं तर आम्ही वायरिंग न करताच बटण बसवून दिलं होतं, आणि वर त्याचं उद्घाटन केलं होतं.

त्या दिवशी साडेपाच वाजून गेले, दिवस मावळला, बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भावाच्या गावी गेलो. तो दारातच म्हणाला, "बहिनीनं खुशीनं दिलंय. तुमी कोन पावणं मधी?" वकील म्हणाले, भांडता येईल. पण शेवंताबाईच नको म्हणाली. म्हणाली, "जमीन तर गेलीच, आता भांडून म्हायेर कशाला घालवू?" ती पुन्हा वर्गात आली नाही. आजच्या सभेचा निरोप धाडला होता, तरी आली नाही. मी अजून मार्केटात तिच्या ओळीतून जात नाही. लांबून वळसा घालतो. माझं वय बघा आणि हे बघा.

तेव्हापासून बाईंनी वर्गाची रीतच बदलली. सही शेवटी. अख्खं पान मोठ्यानं वाचल्याशिवाय सही शिकवायची नाही, मग कुठलेही साहेब येऊ देत. आणि वर्गातल्या कुणाला कागदावर सही करायची वेळ आली, तर क्लबचं एक माणूस बरोबर जाणार. पण वाचायचं तिनंच. तिथंच टेबलापाशी, मोठ्यानं. आपण मागं उभं राहायचं, तोंड मिटून. ती थांबली, तिनं विचारलं, तरच बोलायचं.

एकदा चंदगडकडच्या एका मावशीबरोबर मी बाईंच्या जोडीला गेलो होतो. एकच पान होतं. मावशी बोट ठेवून वाचत होती आणि मागं रांग वाढत होती. कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, हापिस बंद हुईल की!" एका जोडाक्षरापाशी मावशी अडली. मला राहवेना. मी शब्द सांगायला तोंड उघडलं आणि बाईंनी माझं मनगट धरलं. हात गार पडलेला. मावशीनं तो शब्द स्वतः जुळवला, पान संपवलं, मग सही केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, बाई, बरं वाटत नाही का?

"भीती वाटते रे," बाई म्हणाल्या. "दर वेळी वाटते. तिची एखादी ओळ निसटली तर?"

मी म्हटलं, मग आपणच वाचू या की. पटकन मोकळे होऊ. काय बिघडतंय?

बाई म्हणाल्या, "आणि आपण मेल्यावर, दिलीप?"

मी हसलो होतो तेव्हा. मंगळवारी आप्पांचा फोन आला, तेव्हा पहिल्यांदा तेच वाक्य आठवलं. आप्पा, काल तुम्ही मला म्हणालात, ती कशाला भीत नव्हती. भीत होती, आप्पा. मनगट धरलं होतं माझं. भीत होती आणि जात होती.

आता उद्याचं. आपली हौसाक्का मागं बसलीय. तिला विचारूनच सांगतोय. मालक वारल्यापासून तिच्या हक्काचं एवढंच आहे, कसबा बावड्यातल्या दोन खोल्या. दीर म्हणतो, घराला तुझं नाव लावायचं आहे, सोमवारी अकराला ऑफिसात ये आणि सही कर. कागद चार पानी आहे. क्लबच्या वकिलांनी बघितला, ठीक आहे म्हणाले. पण शेवंताबाईलाही घरी एक कागद सांगितला होता आणि टेबलावर दुसराच आला होता. म्हणून टेबलावरचा वाचायचा. वारस, हिस्सा, हरकत नाही, असले शब्द बाई महिनाभर तिच्याकडून घोटून घेत होत्या. मागच्या सोमवारीसुद्धा घोटले. मंगळवारी बाई गेल्या.

तुम्ही म्हणाल, पुढं ढकला. मीही तेच म्हटलं. हौसाक्का म्हणाली, "दादा, ढकललं तर दीर म्हनंल, बाई गेली, आता हिला कोन हाय? मी जानार. तुमी येनार न्हवं?"

मी हो म्हटलं. काय करणार? तेव्हापासून दुकानात लक्ष नाही. तिचा दीर चांगला माणूस असेलही. नसेल तर? चौथ्या पानावर ती दमली आणि एक ओळ सुटली तर? शब्द वाचला पण अर्थच लागला नाही तर? मी मधे बोललो तर दीर म्हणेल, हिला वाचता येत नाही, पढवून आणलीय. गप्प राहिलो आणि दोन खोल्या गेल्या, तर मी कुणाला तोंड दाखवू? एक बाई माझ्या फोटोच्या हौसेपायी बुडाली. दुसरी माझ्या गप्प राहण्यानं बुडायला नको. बाई असत्या तर विचारलं असतं. आता कुणाला विचारू?

मंडळी, फार बोललो. आता उभं राहायचं. दर शोकसभेत आपण उभे राहतो, आणि जरा वेळानं कुणी खोकतं, कुणी घड्याळ बघतं. मी बघतोच. आज 'बसा' असं मी सांगणार नाही.

हौसाक्का, सकाळी तू म्हणालीस, चार माणसांपुढं वाचायची सवय न्हाय. कागद पिशवीत असेल तर घेऊन पुढं ये. पहिलं पान वाच. मोठ्यानं, तुझ्या चालीनं. किती का वेळ लागेना. तुझं पान संपेपर्यंत आम्ही सगळे उभे आहोत. कुणी एक शब्द बोलणार नाही, कुणी शब्द सांगणार नाही. अडलीस तरी नाही. बाईंना आमचा नमस्कार तोच.

उठा सगळे. आप्पा, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल.

ये, हौसाक्का. घाबरू नको, असं मी म्हणणार नाही. मीसुद्धा घाबरलोय.

वाच.